चौसष्ट टेकू

रविवार, २ एप्रिल १९११

रविवारी लिहिणं पाप आहे की नाही ते मला ठाऊक नाही. पाद्रीबाबांना विचारायची सोय नाही, कारण मग काय लिहितोस तेही सांगावं लागेल.

वही एफीने दिली. एफी माझी मुलगी. आमच्याच गोदीच्या नकाशाघरात पातळ मेणकापडावर जहाजांचे नकाशे गिरवते. या वहीच्या रेघा वाकड्या छापल्या गेल्या म्हणून ती टाकून देणार होते. पहिल्या पानावर तिनेच लिहून ठेवलं आहे, 'बाबा, हल्ली तुम्ही बोलत नाही. निदान लिहीत जा.' समोर बसलेली मुलगी तोंडाने सांगायचं सोडून लिहून दाखवते. नकाशाघरात बसून बसून असल्या सवयी लागतात.

शाळा मी दोन हिवाळे पाहिली. शब्द चुकतील. कोण वाचणार आहे.

आता खरं काय ते लिहितो, नाहीतर वही कशाला. मला टेकू ऐकू येत नाहीत.

मी जहाजसुतार. जहाज उतारावर बांधतात तेव्हा दोन्ही अंगांनी झाडाच्या बुंध्याएवढे टेकू लावलेले असतात. पाण्यात सोडायच्या दिवशी शेवटचे टेकू पाडायचे. काही टेकू नुसते नावाला उभे असतात, ते घणाने पडतात. काहींवर जहाज खरोखर रेललेलं असतं. तसल्याला घण घातला तर तो तोफेतून सुटल्यासारखा सुटतो आणि समोरच्या माणसाचं काही उरत नाही. त्याला करवतीने थोडं थोडं कापून भार उतरवायचा. कोणता टेकू कसला आहे, ते बघून कळत नाही. घणाची हलकी टिचकी मारायची आणि ऐकायचं. मोकळा असेल तर खडूने गोल, भरलेला असेल तर फुली. बावीस वर्षं हे काम माझं आहे. माझी खूण बघून माणसं घण उचलतात.

नाताळानंतर कधीतरी तो आवाज यायचा थांबला. माणसांचं बोलणंही कमी येतं, पण ते चालतं, लोक तसंही फारसं कामाचं बोलत नाहीत. मला सदुसष्ट पूर्ण झाली. सत्तरी गाठली की सरकारचं पेन्शन सुरू होतं. तीन वर्षं काढायची आहेत.

कोणाला माहीत नाही. वही घड्याळामागे ठेवतो.

मंगळवार, ४ एप्रिल

आमच्या उतारावरच्या जहाजाला अजून नाव नाही. पाण्यात उतरेपर्यंत नंबरच म्हणायचा, चारशे सतरा. दक्षिण अमेरिकेतून गोठवलेलं मांस आणायला ते बांधलं आहे. १३ मेच्या शनिवारी, दुपारच्या उधाणाच्या भरतीला सोडायचं ठरलं. शेजारच्या उतारावर आरमाराची विनाशिका, म्हणजे छोटी युद्धनौका, उभी राहतेय. तिच्यावर रिवेट ठोकणारे दिवसभर असा काही गोंगाट करतात की कुणालाच काही ऐकू येत नाही. तेवढ्यावर माझं निभावलं आहे.

पण आमचा मुकादम पर्डी बदललाय. पूर्वी लांबून ओरडायचा. आता अगदी माझ्या तोंडासमोर येऊन उभा राहतो आणि मी बोलायला लागलो की माझ्या ओठांकडे टक लावून बघतो. खोटं पकडायला बघतात तसा. पर्डीने काम माझ्या हाताखाली शिकलं. अजून एकटा असला की मला 'तुम्ही' म्हणतो, चारचौघांत 'तू'. आज एकटा असून 'तू' म्हणाला. की 'तुम्ही' म्हणाला आणि मला नीट कळलं नाही?

शुक्रवार, १४ एप्रिल

टाकाने दोनदा पान फाटलं. अक्षर वाईट येईल.

जहाज ज्यांवरून पाण्यात घसरतं त्या घसरपट्ट्या बसवायला जागा हवी म्हणून मधले काही टेकू आज काढले. एकावर मी सकाळी गोल काढला होता. हाताला मोकळा वाटला होता. वॉटी रेनीने घण घातला आणि तो टेकू उडाला. वॉटीच्या कानावरून गेला, त्याची टोपी घेऊन गेला आणि मागच्या हत्यारपेटीच्या फळ्या फोडून थांबला.

वॉटी माझा जोडीदार. अकरा वर्षं माझ्या खुणांवर घण घालतोय. तो खाली बसला, मग उठला, पेटीतून टोपी ओढून काढली आणि म्हणाला, "बायको कधीची म्हणत होती, ही टोपी टाकून द्या."

सगळे हसले. लाकूड किडकं होतं, असं ठरलं. मीही तेच म्हणालो. देवा, मीही तेच म्हणालो.

पर्डी मोडक्या टेकूपाशी वाकला आणि माझ्या खडूच्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिला. मग वॉटीला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. दोघेही एकदम माझ्याकडे वळले.

एफीने हेरिंग मासे तळले होते. ताट तसंच सरकवलं.

सोमवार, १७ एप्रिल

काय करतो ते लिहितो. टेकूला डावा तळवा चिकटवायचा आणि उजव्याने टिचकी मारायची. मोकळ्या टेकूची थरथर तळव्यात शिरते आणि जरा रेंगाळते. भरलेल्याची शिरत नाही, किंवा शिरली तर टोचून लगेच जाते. घडीची लाकडी पट्टी दातात धरून दुसरं टोक टेकूला लावलं तर जबड्यात थोडं अधिक कळतं. पण विनाशिकेवर रिवेट चालू असले की सगळी जमीनच थरथरते. मग टेकूची थरथर कोणती आणि त्यांची कोणती? जेवणाच्या सुट्टीतच काय ते जमेल. जमेल म्हणजे किती? दहातले सात, असं मी धरतो.

चौदा तारखेचा तो टेकूही मी असाच पाहिला होता.

एफी हल्ली खोलीत शिरताना पाय आपटते. जमीन हादरते म्हणून मी मान वर करतो. कशावर रागावली आहे कोण जाणे. विचारायचं धाडस होत नाही.

गुरुवार, २७ एप्रिल

आता शेवटचे चौसष्ट टेकू उभे राहिले. हे सगळे थेट तेरा तारखेच्या सकाळी पडायचे. रोज सुट्टीत मी सात-आठ बघतो आणि खूण करतो.

काल केलेल्या खुणा आज बघत गेलो. माझ्या प्रत्येक गोलाखाली आणि प्रत्येक फुलीखाली एक बारीक रेघ होती, नखाएवढी. माझ्या हातची नव्हे. माझा खडू पांढरा, ही रेघ पिवळी.

पिवळा खडू वॉटी वापरतो.

म्हणजे तो माझ्यामागून प्रत्येक टेकू तपासतोय. पर्डीने त्याला त्याच कामावर लावलं आहे. माझं किती चुकलं ते मोजून एके दिवशी कागद पुढे ठेवतील. अकरा वर्षं मी त्याच्या डब्यातला चहा प्यायलो आणि त्याने माझ्या डब्यातला. हल्ली तो सारखा माझ्या उजव्या अंगाला चालतो, पूर्वी पुढे चालायचा. आता कळलं का ते. नजर ठेवतोय.

मंगळवार, २ मे

वॉटीने विचारलं, "त्या दिवशी भरती किती वाजता?"

मला चरबी ऐकू आलं. पट्ट्यांवर चरबी फासतात म्हणून मी म्हणालो, "गुरांची. डुकराची चालत नाही, पातळ होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काय म्हणालास? तारखेचं काय?"

मी पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "बरं, बरं, तारीख बदलली नाही ना, मग झालं." आणि निघून गेला. माझी थट्टा करतोय. दुसरं काय म्हणायचं याला.

घरी आलो तर वही घड्याळामागे उभी होती. मी आडवी ठेवतो. कदाचित उभीच ठेवली असेन. वय झालं की असं होतं.

रविवार, ७ मे

देवळात स्तोत्रं चालू होती. आमच्याकडे बाजा नसतो, नुसत्या गळ्यांवर म्हणतात. मी ओठ हलवत होतो. एफी शेजारी म्हणत होती, तिचा सूर सगळ्यांत स्वच्छ, असं बेथिया म्हणायची. बेथिया म्हणजे एफीची आई, ती जाऊन सहा वर्षं झाली. सूर बाकाच्या पाठीतून मला लागत होता. मी पाठ टेकून बसून राहिलो.

पाद्रीबाबा सत्याविषयी काहीतरी सांगत असावेत, कारण दोनदा माझ्याकडे बघितलं. उद्या पर्डीला सांगून टाकायचं, असं ठरवलं आहे. सांगितलं की नोकरी जाईल. जाऊ दे. वॉटीचं डोकं तरी जागेवर राहील.

सोमवार, ८ मे

सांगितलं नाही.

बुधवार, १० मे

आज जे कळलं ते लिहायला बसलो तर पाय गार पडलेत. मे महिना आहे, चूल पेटलेली आहे, तरी.

जेवणाच्या सुट्टीत विनाशिका गप्प झाली आणि मी टेकूंकडे गेलो. फक्त शेवटचे चार उरले होते, तेही उरकले. सदतिसाव्या टेकूआड वॉटी मला सापडला, हातात पिवळा खडू घेऊन. मी त्याचं मनगट धरलं.

"कितीदा चुकलो?" मी विचारलं. "मोजून ठेवलंयस ना? सांग मला. पर्डीला सांगायच्या आधी मला सांग."

तो खाली बसला. मीही बसलो, म्हणजे त्याचं तोंड दिसेल.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "तू गोल केलास की मी रेघ ओढतो. फुली केलीस तरी ओढतो."

"ऐकत नाहीस?"

"कशाने ऐकू? लेका, तुझ्याकडे यायच्या आधी बारा वर्षं मी बॉयलरच्या आत बसून रिवेटला मागून टेका देत होतो. बाहेरून घण पडायचा आणि आत माझं डोकं. डाव्या कानात तेव्हापासून चहाची किटली उकळते. उजव्यात तेवढंही नाही."

"मग रेघ का ओढतोस?"

"टोपी उडाली त्या दिवशी पर्डी म्हणाला, म्हाताऱ्यामागून प्रत्येक टेकू तू ऐक आणि खूण कर. नाही म्हणू? मला ऐकू येत नाही म्हणून सांगू? तिसऱ्या दिवशी रस्त्यावर असतो. मला तर पेन्शनही सोळा वर्षं लांब आहे." मग म्हणाला, "आणि तुझा कान आहेच की. आख्ख्या नदीकाठी तुझ्यासारखा कान नाही म्हणतात. मला वाटलं, पर्डी उगाच भितोय."

मी त्याला सांगितलं.

डोक्यावर चारशे सतरा. आमच्या दोघांवर नऊ हजार टन लोखंड वाकून बघत होतं. चौसष्ट टेकू, प्रत्येकावर माझी पांढरी खूण आणि तिच्याखाली वॉटीची पिवळी साक्ष, आणि एकही टेकू कोणी ऐकलेला नाही.

"गोदीत दुसरा कोण आहे?" मी विचारलं.

वॉटीने बोटं मोजली. "रिवेटवाले बहिरे. पत्रेवाले बहिरे. लोहार तर जन्मापासूनच. ज्याला ऐकू येतं तो इथे काम करत नसणार."

"पर्डी?"

"पर्डीला सांगितलं तर आपण दोघंही गेलो." तो उठला, पँट झटकली. "मी बाजूला उभा राहून घण घालीन. जे सुटेल ते शेजारून जाईल. घाबरू नकोस."

पण घण घालणारे आठ जण आहेत. सगळ्यांना बाजूला उभं राहायला सांगायचं, तर का ते सांगावं लागेल. शनिवारी सकाळी पहिला घण वॉटीचा. सदतिसावा टेकू त्याचा. तिथे माझा गोल आहे.

मी काय करू ते मला कळत नाही. हे मी कोणाला विचारू?

गुरुवार, ११ मे

पर्डीसमोर जाऊन उभा राहिलो. तो माझ्या ओठांकडे बघू लागला. मी म्हणालो, "शनिवारी पाऊस पडेल का?"

तो म्हणाला, "पडू दे की."

मी परत आलो. असा माणूस मी आहे.

आज खुणा पुसून पुन्हा करायला घेतल्या. पहिल्या बारांपैकी चार वेगळ्या आल्या. म्हणजे आधीच्या खुणा चुकल्या की आजच्या? उरलेल्या पुसल्या नाहीत. भीती वाटली.

शुक्रवार, १२ मे

सुट्टीचा भोंगा झाला (तो पायांना कळतो) आणि लोक जेवायला फाटकाकडे निघाले. मी आणि वॉटी जहाजाखालीच थांबलो. इतक्यात पर्डी येताना दिसला, गोल हॅट हातात. आणि त्याच्यामागे एफी.

जहाजाखाली बाई. नाव ठेवताना बाटली फोडायला येणाऱ्या बाईसाहेबांशिवाय, आणि तीही वरच्या मंचावर, जहाज पाण्यात जाईपर्यंत बाईमाणसाने त्याच्या जवळ यायचं नसतं. लोक थांबले. एक जण थुंकला. अपशकुन टळावा म्हणून एकाने लोखंडाला हात लावला.

पर्डीने हॅट डोक्यावर चढवली आणि ओरडून सांगितलं (त्याचं तोंड मला दिसलं), "नकाशाघरातून आली आहे. रेघा जुळवून बघायच्या आहेत. काय बघताय? जेवा जाऊन."

त्याच्या हातात कागदाचा चतकोर तुकडा होता. लांबून एफीचं अक्षर वाटलं. नकाशाचं काही असणार.

"तुझ्यामागून वॉटी ऐकतो म्हणून मी निश्चिंत होतो," पर्डी मला म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "दोन बहिरे एकमेकांची साक्ष देत होते." मग वॉटीकडे वळला. "आणि तू."

"मुकादम," वॉटी म्हणाला, "तुम्हीच एकदा ऐकून का नाही बघितलंत?"

वॉटी तेव्हा पर्डीच्या पाठीमागे गेला होता. पर्डीने उत्तर दिलं नाही, वळलासुद्धा नाही. एवढ्या प्रसंगातही मुकादमाची ऐट जात नाही.

एफी माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, डबा विसरलात," ती म्हणाली. डबा माझ्या हातात होता. तिने तिकडे पाहिलंच नाही. "भरलेला टेकू कसा वाजतो ते मला सांगा. आधी मोकळा सांगा."

बावीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नुसतं केलं होतं. मी डोळे मिटले. तो आवाज डोक्यात कुठेतरी होता, बेथियाच्या आवाजाशेजारी.

"मोकळा," मी म्हणालो, "म्हणजे घरात कोणी नसताना दार ठोठावल्यासारखा. खाली असतो, आणि थांबायला जरा वेळ घेतो. पायथ्याशी बारीक खडखड येते. भरलेला वर चढलेला असतो. तोकडा. थंडीत दातावर दात आपटतो ना, तसा. मागे काही राहत नाही."

"स्तोत्राच्या पहिल्या सुरापेक्षा वर की खाली?"

"वर. दोन पायऱ्या वर."

मी टिचकी मारत गेलो. एफी एक बोट दाखवायची, म्हणजे मोकळा. दोन, म्हणजे भरलेला. वॉटी ओल्या चिंधीने जुनी खूण पुसायचा आणि मी नवी करायचो. पर्डी घड्याळ बघत होता. विनाशिकेवर लोक परत चढले की संपलं. वाकून वाकून माझी कंबर गेली. एफीच्या झग्याला खालून चरबी लागली, तिने तो एका हातात गोळा करून धरला. मध्येच ती थांबायची आणि बोट ओठांवर ठेवायची, तेव्हा आम्ही तिघं बाप्ये श्वाससुद्धा घेत नव्हतो.

चौसष्टांपैकी अकरा चुकले होते. त्यातले नऊ माझ्या गोलाचे, फुली व्हायला हवे होते. नऊ माणसं, असं मी मनात म्हणालो आणि मग मोजणं सोडून दिलं.

सदतिसाव्यावर तिने एक बोट वर केलं. मोकळा.

माझा हात टेकूवर होता. तळव्यात काही रेंगाळलं नव्हतं. मी पट्टी दातात धरली, दुसरं टोक लावलं, पुन्हा टिचकी मारली. जबड्यात टोचलं आणि गेलं. आधी खूण करताना हाच टेकू मला मोकळा वाटला होता. पण तेव्हा मला सगळंच मोकळं असावंसं वाटत होतं.

"भरलेला आहे," मी म्हणालो.

एफीने पुन्हा ऐकलं. "बाबा, खाली वाजतोय. अगदी खाली."

वॉटी वाकून पायथा चाचपू लागला. "इथे चिखल मुरलाय," तो म्हणाला. "ओलं आहे सगळं. आवाज बसत असेल."

पर्डी माझ्याकडे बघत होता. माझ्या ओठांकडे नव्हे, डोळ्यांकडे. "काय करायचं? तुम्ही सांगा." चारचौघांत 'तुम्ही' म्हणाला.

मी फुली केली. खडू मोडला.

एफी फाटकाबाहेर पडली आणि विनाशिकेवर रिवेट सुरू झाले. आता रात्र काढायची आहे. माझी फुली चुकली असेल तर फार काही नाही, एक मोकळा टेकू उगाच कापला जाईल. पण तिची बोटं चुकली असतील तर? तिला एका दुपारात शिकवलेलं.

शनिवार, १३ मे

सहाला पेज खाल्ली, सातला ओकलो.

आज गोदीत एकही रिवेट नव्हता. वर मंचावर झेंडे, बँड, पांढऱ्या टोप्यांचे पाहुणे. खाली आम्ही. पर्डीने माझ्या मनगटाला दोरी बांधली आणि दुसरं टोक वॉटीच्या कमरेला. "शिट्टी झाली की मी हॅट हलवीन, ती बघून वॉटी दोन हिसके देईल. मग तुम्ही बाहेर." कशाला म्हणून मी विचारलं नाही.

आठही जणांनी माझ्या खुणा पाहिल्या आणि घण उचलले. पहिला गोल. घण बसला, टेकू गवतावर आडवा झाला. दुसरा. तिसरा. प्रत्येक घणाला मी डोळे मिटत होतो. पाहायला हवं होतं, पण नाही पाहिलं. मग पायांत धप्प यायचं, तेव्हा उघडायचो.

मग सदतिसावा. वॉटीने आणि मी करवत लावली, त्याचं एक टोक, माझं एक. चार बोटं आत गेली आणि करवत हलेना. टेकूने ती दाताखाली धरल्यासारखी धरली. लाकूड चिरत होतं, ते मला मुठीतून कळलं. जहाज आख्खं त्याच्यावर होतं. वॉटीने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता. बुधवारी म्हणाला होता तसा तो इथेच बाजूला उभा राहून घण घालणार होता.

आम्ही दुसरी करवत खालून लावली. थोडं, मग थोडं. तो बसत गेला, मग अगदी सावकाश, म्हातारा माणूस खुर्चीत बसतो तसा, वाकला.

दोन हिसके बसले. मी धावलो. धावताना पाठीमागे चरबी जळल्याचा वास आला. जमीन पायाखालून सरकतेय असं वाटलं, पण सरकत होतं ते जहाज. लोकांची तोंडं उघडी होती, म्हणजे ओरडत असणार. मला फक्त ती थरथर येत होती, तळव्यांतून गुडघ्यांत, गुडघ्यांतून छातीत, आणि मग ती एकदम थांबली. ते पाण्यात होतं.

त्याचं नाव काय ठेवलं, ते मला ऐकू आलं नाही. वॉटीलाही नाही. एफीला विचारलं तर म्हणाली, बँडमुळे तिलाही कळलं नाही. मग तिघंही हसलो.

आठही जण घरी गेले. हे पुन्हा एकदा लिहितो. आठही जण घरी गेले.

रविवार, १४ मे

सोमवारपासून मला आणि वॉटीला लाकडाच्या वखारीत पाठवलं आहे. पर्डीने संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, हॅट गुडघ्यावर ठेवून. लाकूड हाताने चाचपून बाजूला काढायचं, किडकं कोणतं आणि चांगलं कोणतं. सत्तरीपर्यंत तिथे कोणी विचारणार नाही, असं म्हणाला. टेकूंसाठी तो बाहेरचा माणूस आणतोय, शेतावरचा, ज्याने घणाचा आवाज कधी ऐकलेला नाही. त्याला पहिले दोन महिने मी शिकवायचं. एफीने मागून चहा विचारला, त्याला कळलं नाही, तिने पुढे येऊन पुन्हा विचारला. मोठं डोकं आहे त्याला, कुठे कुठे लक्ष द्यायचं.

एक गोष्ट मला सुटत नाही. एफीला कळलं कसं? वॉटी बायबलवर हात ठेवून सांगतो की त्याने तोंड उघडलं नाही. मी तर कोणालाच सांगितलं नव्हतं. एफीला विचारलं तर ती भाकरीचं पीठ मळत होती. मान खाली घालून म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलत नाही, पण दिसतं."

काय दिसतं, ते सांगितलं नाही. देवाने सुचवलं असेल.

बुधवारचं पान उघडून पाहिलं. कोपऱ्यात पांढरा अंगठा उमटला आहे, पिठाचा. म्हणजे घड्याळामागेही पीठ उडतं. वहीला जागा बदलायला हवी. यात जे लिहिलंय ते कोणाच्या हाती लागलं तर मी मेलो.

पिठाच्याच डब्यात, तळाशी ठेवतो. तिथे कोणी हात घालणार नाही.